आधी कागद, मग कापड

स्मरणिकेसाठी लिहिणार का, असा फोन आला तेव्हाच मी सांगून टाकलं की गणिताच्या सरांवर आणि स्नेहसंमेलनांवर बाकीचे भरभरून लिहितीलच, मी शिवणाच्या तासावर लिहीन. वेळापत्रकात तो ‘कार्यानुभव’ म्हणून लागायचा आणि परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्याचाच जायचा. मी १९८४ ची दहावी. तेव्हा पाठ केलेलं बरंचसं विसरून गेले, पण फ्रॉकचा कागद, म्हणजे कापड बेतायचा कागदी साचा, अजून डोळे मिटून काढीन.

आठवीच्या मुलींना फ्रॉक होता. मशीन समोर दिसायचं, पण बाई त्याला हात लावू देत नसत. आधी खाकी कागद, पट्टी, पेन्सिल. शेजारणीची मापं घ्यायची आणि टेपखाली दोन बोटं ठेवायची, म्हणजे कपडा काचत नाही. छाती २४ इंच असली तर तिचा बारावा भाग, म्हणजे २ इंच, ही गळ्याची अर्धी रुंदी. चौथा भाग ६ इंच, त्यात दीड इंच ढिलाई, आणि शिवणीची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचं जास्तीचं कापड, त्याहून वेगळी. अपूर्णांकांशी माझं सूत जुळलं ते तिथेच. पुढचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, मागच्यापेक्षा जास्त कोरायचा, हे बाईंनी नुसतं सांगितलं नाही. सगळ्या वर्गाला हात पुढे करायला लावले. “कापड कुठं ताणतंय? पाठीवर ना? मग पाठीला रुंदी नको का, पोरींनो?”

कागद चुकला तर खोडून पुन्हा काढायचा, फाटला तर दुसरा घ्यायचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं, “कागद गेला तर चार आणे गेले. कापड गेलं तर आईला काय सांगशील?”

कापड आदल्या रात्री भिजत घालायचं. सुती पॉपलिन पाण्यात आटतं, शिवल्यावर आटलं तर फ्रॉक धाकट्या बहिणीला द्यावा लागतो. मग काठाच्या रेषेत उभं सूत, म्हणजे कापडाचे लांबीचे धागे, धरून कागद मांडायचा. पुढच्या भागाची मधली रेषा घडीवर, तिथे कात्री चालवायची नाही. छापील फुलं एकाच दिशेची असतील तर सगळे तुकडे एकाच दिशेने लावायचे, नाहीतर पाठीवरची फुलं डोकं खाली करून उभी राहतात. एवढं सांगूनही आमच्यातल्या एकीने कापड दुहेरी न करता एकच कागद दोनदा तसाच ठेवला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. बाई चिडल्या नाहीत. उरलेल्या तुकड्यांना जोड देऊन उजवी बाही निघाली आणि जोडावर लेस बसली.

(आमच्या वर्गातले मुलगे त्या तासाला मैदानामागे वाफे करत. त्यांना कुणी साधं बटण लावायला शिकवलं नाही. तो काळच तसा होता म्हणायचं, पण म्हणून ते शहाणपणाचं ठरत नाही.)

हा सगळा कागदी खटाटोप किती कामाचा होता ते परवापरवा कळलं. जर्मनीत राहणारी भाची ‘बुर्डा’ या तिकडच्या शिवणाच्या मासिकाचा अंक घेऊन आली. तयार पॅटर्नचा, म्हणजे आयत्या कागदी साच्यांचा, धंदा तसा जुना. एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी पॅटर्न काढले. ‘बुर्डा’ने ते १९५२ पासून मासिकातच घालायला सुरुवात केली. मधलं मोठं पान उलगडलं तर शेवयांचा गुंता! एकाच कागदावर अनेक कपडे, अनेक मापं, एकावर एक. आपल्या मापाची रेघ शोधून ती दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यायची. वर त्यात माया धरलेली नसते, ती आपण सोडायची.

भाचीने ३८ नंबर काढला होता, म्हणजे ८८ सेंटीमीटर छाती. माप अगदी बरोबर होतं. पण हा पॅटर्न १६८ सेंटीमीटर उंचीच्या बाईसाठी आखलेला, आणि आमच्या घरातल्या बायका पाच फुटांच्या आसपास. तिने लांबी घेराकडून कापली होती. ड्रेस गुडघ्याला बरोबर पोचला, कंबर मात्र जाऊन बसली नितंबांवर. मी तिच्या पाठीची उंची मोजली, कागदाची मोजली. फरक निघाला तेवढी आडवी घडी कागदावरच मुंढा आणि कंबर यांच्यामध्ये घातली आणि बाजूची तुटलेली रेघ पुन्हा जुळवून काढली. आधी जुन्या चादरीचा नमुना कच्च्या टाक्यांनी जोडून तिच्या अंगावर पाहिला, खांदा जरा आत घेतला, मग चांगलं कापड बेतलं. गळ्याच्या वळणाला माया न कातरताच ती उलटवायला निघाली होती, तिला मी थांबवलं. छोट्या कातऱ्या मारल्याशिवाय गोल गळा बसत नाही, चुण्या धरतो. “आत्या, हे तर पानावर कुठं लिहिलंच नाही,” ती म्हणाली. बहुतेक पॅटर्न आपल्याला एवढं येतच असेल असं धरून चालतात. तयार पॅटर्नला मी नावं ठेवत नाही, त्यांची कॉलर माझ्या कॉलरपेक्षा कितीतरी नेटकी बसते. पण रेघ कुठून आली हे माहीत असेल तरच ती हलवायला हात धजतो.

शाळेत शिवणाचा तास आता नाही असं ऐकते. ती पायाची मशीनं अडगळीत पडून असतील तर मला कळवा. पट्टे बदलून, तेलपाणी करून चालू करून देईन आणि शनिवारी दुपारी शिकवायलाही येईन. वर्गात मुलगेही बसणार असतील तर, एवढी एकच अट.