दीड होमेर सातू

मंगळवार, रात्री

शुक्रवारच्या महिला सभेत बायबलमधलं होशेय संदेष्ट्याचं पुस्तक घ्यायचं हे पाळकसाहेबांशी आधीच ठरलं होतं. पण आज संध्याकाळी जे ऐकलं, त्यानंतर ते नुसतं वाचून पुढे जाता येणार नाही.

आमच्या मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, एक तरुण सून बाजारात भेटली. नवरा रोज रात्री तिचा मोबाईल तपासतो. माहेरी फोन केला तरी कोणाशी बोललीस, एवढा वेळ काय बोललीस, अशी उलटतपासणी. परवा तिनं तोंड उघडलं तर म्हणाला, "दहा आज्ञा पाठ आहेत ना तुला? देव स्वतःच म्हणतो मी ईर्ष्यावान आहे. ज्याचं प्रेम असतं तोच जळतो." हे सांगून ती मला विचारते, "ताई, यावर काय बोलायचं? शास्त्रात तर आहेच ना."

आहेच. निर्गम या पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात, दुसऱ्याच आज्ञेत आहे. 34 व्या अध्यायात तर परमेश्वराचं नावच ईर्ष्यावान असं सांगितलंय. रस्त्यात उभ्या उभ्या काय बोलणार? "घरी ये, निवांत बसू," एवढंच म्हणाले. पण घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. देवाचं वचन घेऊन कुणी बायकोच्या दाराला कडी घालतो, हे मला सहन होत नाही.

आपल्यातले बरेच जण हे वचन पाठ म्हणतात आणि पुढे सरकतात. दुसऱ्या शतकातल्या मार्कियननं तर सरळ अख्खा जुना करारच बाजूला काढला होता. जुन्या करारातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, असं त्याचं म्हणणं. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. मला त्याची अडचण कळते, पण त्याचं उत्तर पटत नाही. माझ्या जाण्यायेण्याचं ज्याला काही देणंघेणं नाही, तो देव येशूच्या दाखल्यातल्या मेंढपाळासारखा नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे डोंगरात कशाला जाईल?

बुधवार

दिवसभर होशेय. उत्तरेकडच्या इस्राएलात, ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात हा संदेष्टा बोलत होता. दुसऱ्या यराबाम राजाच्या राज्यात भरभराट होती आणि गावोगाव बाल नावाच्या परक्या देवाची पूजा चालली होती. पुढे 722 मध्ये अश्शूरनं शोमरोन ही राजधानी घेतली आणि ते राज्य संपलं. त्या शेवटाच्या आधी देव होशेयला सांगतो, जा, व्यभिचारी स्त्रीशी लग्न कर. तो गोमरशी लग्न करतो. ती त्याला सोडून जाते. मुलांची नावं ऐकवत नाहीत. लो-रुहामा म्हणजे जिच्यावर दया नाही ती, लो-अम्मी म्हणजे माझे लोक नव्हेत. बारशाला ही नावं ऐकून आलेल्या बायकांचं काय झालं असेल?

दुसरा अध्याय मी नेहमी जड मनानं वाचते. तिला उघडी करीन, तिच्या वाटेला काट्यांचं कुंपण घालीन, असं तिथे लिहिलंय. आमच्यातल्या काही बायकांनी अशा धमक्या घरात ऐकल्या आहेत. त्यांच्यासमोर हा भाग गोड करून सांगायचा नाही, हे मी ठरवलंय. राष्ट्रावर येणाऱ्या संकटाचं ते चित्र आहे हे खरं, पण चित्रही अंगावर येतंच. म्हणून तिथे न थांबता पुढे वाचावं लागतं. देव म्हणतो, मी तिला रानात नेईन आणि तिच्या मनाशी बोलेन. त्या दिवशी ती मला माझा धनी म्हणणार नाही, माझा पती म्हणेल. ज्याला मालकीच गाजवायची आहे, तो आपलं धनीपण असं सोडून देईल का?

आणि देवाचं दुःख कशाचं आहे तेही तिथेच लिहिलंय. धान्य, द्राक्षारस, तेल मी तिला दिलं आणि तिला ते कळलंच नाही. माझं रुपं-सोनं तिनं बालाला वाहिलं. पाऊस बालाकडून येतो, पीक बालाकडून येतं, असं तिला वाटत राहिलं. देवाचं यात काय कमी झालं? त्याला धान्याची गरज नव्हती. ती मात्र ज्याच्यापाशी काहीच नाही त्याच्या दारात उभी राहिली.

तिसरा अध्याय जेमतेम पाच वचनांचा आहे आणि माझा जीव त्यातच अडकलाय. होशेय गोमरला परत आणतो, आणि आणताना मोल देतो. पंधरा शेकेल चांदी आणि दीड होमेर सातू, शेकेल हे वजन आणि होमेर हे धान्याचं माप. ती कोणाच्या हातात सापडली होती, दासी म्हणून विकायला काढली होती का, यातलं काहीच सांगितलेलं नाही. नियमशास्त्रात दासाची किंमत तीस शेकेल आहे. अर्धे रोख आणि उरलेल्याचं धान्य मिळून ते तीसच होतात, असं काही टीकाकार मानतात. मला ते हिशेबापेक्षा वेगळ्या कारणानं पटतं. ज्याच्याकडे तीस शेकेल होते तो तीस मोजून मोकळा झाला असता. इथे घरातली चांदी कमी पडलेली दिसते आणि कणगी रिकामी करून आणलेली दिसते. सातू म्हणजे गव्हाच्या निम्म्या भावाचं, गरिबाच्या भाकरीचं धान्य. दीड होमेर काही एका पोत्यात मावायचं नाही, गाढवांवर लादून न्यावं लागलं असेल. गावानं बघितलंच असेल. सोडून गेलेल्या बायकोला आणायला हा बाप्या धान्याच्या गोण्या घेऊन निघालाय.

संशयी नवऱ्याची ईर्ष्या बायकोकडून वसूल होते, तिच्या फोनमधून, तिच्या माहेरातून, तिच्या पाठीवरून. होशेयच्या ईर्ष्येचं मोल होशेयनं भरलं. मला तिला हेच दाखवायचंय.

आणि अकराव्या अध्यायातलं ते वचन: एफ्राइमा (म्हणजे इस्राएला), मी तुला कसा सोडून देऊ? मी आपल्या संतापाप्रमाणे करणार नाही, कारण मी देव आहे, मनुष्य नाही. हे शेवटचे शब्द त्या नवऱ्यानं पाठ करावेत.

गुरुवार

आज यहेज्केल संदेष्ट्याचा 16 वा अध्याय काढला. ईर्ष्येचा विषय आला की तो टाळता येत नाही. बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात असताना तो यरुशलेमला सांगतो, तू जन्मलीस तेव्हा तुझी नाळ कुणी कापली नाही, तुला पाण्यानं धुतलं नाही, मीठ चोळलं नाही, बाळंत्यात गुंडाळलं नाही. तुला उघड्या शेतात टाकून दिलं. आपल्याकडे तेल-हळद लावतात, तिकडे मीठ चोळत असत. मग देव तिथून जातो, रक्तात लोळणारी ती मुलगी बघतो आणि म्हणतो, जग.

मी आयुष्यभर प्रसूतिकक्षात नर्स होते. नाळ न बांधलेलं मूल मी पाहिलंय. पहाटे पोलीस शिपाई साडीच्या तुकड्यात एक मुलगी घेऊन आला होता. नाळेला माती लागलेली, मानेच्या घडीत मुंग्या, अंग थंडगार, रडण्याची ताकद नाही. आम्ही नाळ बांधली, पुसलं, दिव्याखाली ठेवलं. आयाबाईंनी त्या पोरीला जवळ घेतलं आणि मग कुणाच्या हातात द्यायला तयार होईनात. दुधाचा चमचा दुसरी कुणी धरला तरी त्यांचं लक्ष तिकडेच. काही दिवसांनी एक जोडपं आलं. चांगल्या कपड्यातलं, गोड बोलणारं. "कशाला कोर्टकचेऱ्या, आम्हीच नेतो, तुमचंही बघू." आयाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. बालकल्याण समितीच्या कागदाशिवाय पोरगी हलणार नाही म्हणाल्या. आवाज एवढा चढला की वरच्या मजल्यावरून लोक खाली आले. जोडपं निघून गेलं ते परत फिरकलं नाही.

त्या आयाबाईंना मी कधी असुरक्षित म्हणणार नाही. पोरगी त्यांची होणार नव्हती, समितीचा कागद आला की दुसऱ्या घरी जाणार होती, आणि गेलीही. जाताना त्यांनी तिला स्वतः न्हाऊ घातलं. त्यांना ती स्वतःसाठी ठेवून घ्यायची नव्हती, भलत्याच्या हातात जाऊ द्यायची नव्हती, एवढंच. यहेज्केल वाचताना मला देवाचा आवाज त्यांच्यासारखा चढलेला ऐकू येतो.

कारण मूर्ती म्हणजे नुसता दगड असता तर एवढं जळायचं कारण नव्हतं. त्याच अध्यायात पुढे आहे, तू आपली मुलं त्यांना वाहिलीस. यिर्मयाच्या 7 व्या अध्यायात यरुशलेमबाहेरच्या हिन्नोमच्या खोऱ्यातलं 'तोफेत' नावाचं ठिकाण आहे. तिथे लोक पोटच्या मुलामुलींना अग्नीत होमत. मी अशी आज्ञा केली नाही, माझ्या मनातही हे आलं नाही, असं देव म्हणतो. आहाज राजानं आपला मुलगा अग्नीतून नेला, मनश्शेनंही तेच केलं. योशीयानं शेवटी ते ठिकाण भ्रष्ट करून टाकलं. हे वाचल्यावर कुणी मला म्हणालं की देवानं यावर शांत राहायला हवं होतं, तर मी त्याला जळीत कक्ष दाखवीन. हुंड्यापायी पेटलेल्या मुली मी तिथे बघितल्या आहेत. मानपान, सोनं, खानदानाचं नाव यांच्यापुढे आजही मुली वाहिल्या जातात, आणि त्यात ख्रिस्ती घरं नाहीत असं म्हणायची माझी हिंमत नाही. लेकरं खाणाऱ्या देवतेचा हेवा कोण करील? तिच्या तोंडातून लेकरू ओढून काढणाऱ्याचा तो जळफळाट आहे.

पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि शेकडो मुली, बालविधवा घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून वाढलं. दुष्काळात निराधार मुलींवर डोळा ठेवून फिरणारे लोक असतात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्या नुसत्या हळहळल्या असत्या तर एकही मुलगी केडगावला पोचली नसती.

दुपारी ती बाजारात भेटलेली सून येऊन गेली. चहा झाला आणि मी तिच्यासमोर गणना या पुस्तकाचा 5 वा अध्याय उघडला. मुद्दामच, कारण तिचा नवरा उद्या तोही काढील. बायकोचा संशय आलेल्या नवऱ्यानं तिला याजकाकडे न्यायचं. सोबत ईर्ष्येचं अन्नार्पण म्हणून एफा या मापाचा दशमांश सातूचं पीठ, त्यावर तेल नाही, ऊद नाही. याजक मातीच्या भांड्यात पवित्र पाणी घेतो, त्यात निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, जमिनीची धूळ टाकतो, लिहिलेले शाप त्या पाण्यात धुतो, आणि ते कडू पाणी ती बाई पिते. कठीण आहे हे. मला एवढं दिसतं की संशयाचा निवाडा नवऱ्याच्या हातातून काढून देवापुढे नेला आहे, हात उगारायला जागा ठेवलेली नाही. तरी प्यायचं तिलाच.

पण पहिल्या शतकात योहानान बेन झक्काई या यहुदी गुरूनं हा विधी बंद केला, आणि आधार घेतला तो होशेयचा. मिश्ना या यहुदी नियमग्रंथात तसं नोंदलेलं आहे. होशेयच्या 4 थ्या अध्यायात देव म्हणतो, तुमच्या मुलींना आणि सुनांना मी शासन करणार नाही, कारण पुरुष स्वतःच वेश्यांकडे जातात. हे वाचल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, हे कधी कुणी सांगितलंच नाही."

मी तिला स्पष्ट सांगितलं. तुझा नवरा करतो त्याला संशय म्हणतात. ज्याच्या मनात भीती आहे तो फोन तपासतो. संत ऑगस्टीन देवाशी बोलताना म्हणतो, तू ईर्ष्या करतोस आणि तरी निर्धास्त असतोस. तुझा नवरा निर्धास्त आहे का? नाही. मग त्यानं देवाचं नाव मध्ये आणू नये. पाळकांशी मी बोलेन, तू आईला सगळं सांग. हात उचललाच तर सभेची वाट बघायची नाही, 181 ला फोन लावायचा. नंबर तिच्या वहीत लिहून दिला, मोबाईलमध्ये नाही.

शुक्रवार, पहाटे

झोप लवकर उघडली. सभेत शेवटी काय वाचायचं ते ठरत नव्हतं. पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा 11 वा अध्याय काढला होता. पौल तिथे म्हणतो, देवाच्या ईर्ष्येनं मी तुमच्याविषयी ईर्ष्यावान आहे. ते चांगलं आहे, पण त्यावर बोलत बसलं तर वेळ जाईल.

योहानाचा 18 वा अध्याय घेणार आहे. किद्रोन ओहोळापलीकडची बाग, मशाली, दिवे, हत्यारबंद लोक. येशू स्वतः पुढे होऊन विचारतो, तुम्ही कोणाला शोधता? नासरेथकर येशूला, म्हणतात. मग तो म्हणतो, मला शोधत असाल तर यांना जाऊ द्या. थोड्या वेळानं हेच शिष्य पळून जाणार आहेत, त्यातला एक आपण त्याला ओळखतच नाही म्हणणार आहे, हे त्याला ठाऊक आहे. तरी तो त्यांच्या पुढे उभा आहे.

शिष्यांतला पेत्रही पेटलेला होताच. त्यानं तलवार काढली आणि महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, उजवा कान कापला. येशू त्याला म्हणतो, तलवार म्यानात घाल. पित्यानं मला दिलेला प्याला मी पिऊ नये काय?

काल ते मातीच्या भांड्यातलं कडू पाणी वाचलेलं होतं, म्हणून इथे अडखळले. दोषी ठरवून कुणाला प्यायला लावायचं असेल तर ते आपल्याला लावायला हवं होतं, इस्राएलला, गोमरला, त्या पळून जाणाऱ्या अकरा जणांना. प्याला त्यानं घेतला.

आज सभेत आधी होशेयचा तिसरा अध्याय, मग गणना, मग हे. यहेज्केल पुढच्या शुक्रवारी. त्या दिवशी बाळंतपणाच्या वयातल्या मुली जास्त येतील अशा बेतानं निरोप पाठवायचा आहे.