वैशाखातली परसबाग: पाण्याआधी सावली

दुपारी दोन वाजता दुधीची पानं मिटलेल्या छत्रीसारखी लोंबायला लागली की हात आपसूक पाइपाकडे जातो. तो आवरावा. मोठ्या पानांचे वेल भर उन्हात पानांवाटे जेवढं पाणी सोडतात तेवढं मुळांना त्या वेळी ओढता येत नाही. म्हणून पान खाली झुकतं, आणि झुकल्यामुळे त्याच्यावरचं ऊनही कमी होतं. संध्याकाळी तेच पान ताठ होतं. खरी परीक्षा सकाळी सातची. तेव्हाही वेल मलूल असेल तर बोट मातीत दोन पेरं खुपसून बघा. माती कोरडी लागली तर तहान आहे. ओली लागली तर बहुधा मूळकुज आहे, आणि तिथे आणखी पाणी घालणं म्हणजे उरलेलं मूळही सडवणं.

उन्हाळ्यात परसातली झाडं जातात ती बऱ्याचदा मायेनं घातलेल्या पाण्यानं. म्हणून माझा आग्रह असा की आधी ऊन अडवा, मग जमीन झाका आणि पाण्याचा विचार त्यानंतर करा.

सगळ्यात घातक ऊन पश्चिमेचं. सकाळचं ऊन भाजीला हवंच असतं, त्यामुळे शेडनेटनं चारही बाजू बंद करू नयेत. पन्नास टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी सहा-सात फुटांवर बांधावी, पश्चिमेला ती खाली गुडघ्यापर्यंत सोडावी आणि पूर्व मोकळी ठेवावी. जाळी फार खाली बांधली तर खाली वाफ कोंडते आणि पानं शिजल्यासारखी होतात. विदर्भात तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे तुरीच्या आणि कापसाच्या वाळक्या काड्यांचा, मांडव घालतात, तो जाळीपेक्षा सरस, कारण सावली विरळ पडते आणि हवा खेळती राहते. पुढच्या वर्षाचा विचार असेल तर पश्चिम बांधाला शेवरीची किंवा तुरीची एक दाट ओळ पावसाळ्यातच पेरून ठेवावी.

आच्छादन तीन ते चार इंच जाडीचं हवं. उसाचं पाचट, गव्हाचं काड, भुईमुगाची टरफलं, वाळलेला पाला, जे हाताशी असेल ते. इंचभर पसरलेला पाला शोभेपुरता असतो, ओल धरत नाही. बुंध्याभोवती मात्र तीन बोटं जागा उघडी ठेवायची, नाहीतर वाळवी पाचटातून थेट खोडावर चढते. काळ्या मातीत आच्छादनाआधी खुरप्यानं वरची इंचभर माती हलवून घ्यावी. भेगा बुजल्या नाहीत तर पाणी भेगेतून सरळ खाली निघून जातं आणि बारीक मुळं तुटतात ती वेगळीच.

वाफे या दिवसांत सपाट किंवा थोडे खोलगटच हवेत. गादीसारखे उंच केलेले गादीवाफे पावसाळ्यासाठी चांगले, उन्हाळ्यात ते चारही बाजूंनी सुकतात. पाणी सकाळी आठच्या आत द्यावं. जमलं नाही तर ऊन पूर्ण उतरल्यावर. पाइप उन्हात पडलेला असेल तर त्यातलं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते बादलीत काढून घ्यावं आणि निवल्यावर वापरावं. मुरमाड किंवा तांबड्या जमिनीला रोज थोडं, काळ्या जमिनीला तीन-चार दिवसांनी पण भरपूर. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्याच दोन इंचांत राहतात आणि एक दिवस चुकला तरी झाड कोलमडतं. साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते अळू आणि केळीकडे वळवावं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुठेही चालतं.

वेलांसाठी जमिनीत पुरलेल्या, पाणी पाझरणाऱ्या मटक्याइतकी सोपी सोय नाही. पाच ते सात लिटरचा, रंग न दिलेला, कमी भाजलेला मातीचा मटका घ्यावा. विकत घेताना आत पाणी भरून तासभर ठेवून बघा. बाहेरून अंगाला घाम फुटला पाहिजे. चकचकीत, घोटून गुळगुळीत केलेला मटका पाझरत नाही. दोन फूट रुंद आळं खणून त्यात निम्मं शेणखत, निम्मी माती मिसळून मटका गळ्यापर्यंत पुरायचा आणि काठापासून चार बोटांवर चारी बाजूंना दोन-दोन बिया टोकायच्या. उगवल्यावर प्रत्येक ठिकाणी जोमदार रोप एकच ठेवायचं. तोंडावर परळ किंवा फरशीचा तुकडा हवाच, नाहीतर डास होतात. मटका दोन-तीन दिवसांनी भरावा लागतो. पाणी जड असेल तर पुढच्या हंगामात पाझर मंदावतो, कारण क्षार छिद्रांत बसतात.

पेरायचं काय? भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, कारलं, दुधी, राजगिरा, अंबाडी ही उन्हाची माणसं. टोमॅटोचा हट्ट धरू नये. दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर गेलं आणि रात्रीही गारवा नसला की परागकण निकामी होतात आणि फुलं देठापासून गळतात. त्यावर खताचा इलाज नाही. भेंडीची पेरणी जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर उरकावी. बी रात्रभर भिजवून, ओळींत दीड फूट आणि झाडांत अर्धा फूट अंतर ठेवून टोकावं. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडा सुरू होतो आणि मग एक दिवसाआड तोडणी चुकवायची नाही. एक भेंडी जून होऊन झाडावर राहिली की झाड बी पोसायला लागतं आणि नवी फुलं कमी करतं. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की तो केवडा, काही जण त्याला हळद्या म्हणतात. पांढरी माशी तो पसरवते. झाड बरं होत नाही, उपटून टाकावं. वाण निवडताना परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती किंवा बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची अर्का अनामिका पाहावी, दोन्ही वाण या रोगाला प्रतिकारक म्हणून काढलेले आहेत. काकडीत राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी परसाला छान.

आता वेलांची सगळ्यात मोठी तक्रार: फुलं ढीगभर, फळ एकही नाही. मोठा दिवस आणि कडक ऊन असलं की वेलाला नरफुलं जास्त येतात, त्यामुळे सुरुवातीचे पंधरा दिवस घाबरायचं कारण नाही. मुख्य वेलाला पाच-सहा पानं आली की शेंडा खुडावा, म्हणजे बाजूला फांद्या, अर्थात बगलफुटी, येतात. दुधीला मादीफुलं जास्त करून बगलफुटींवर येतात. मादीफूल ओळखायला सोपं, पाकळ्यांच्या मागे बोटभर इवलंसं लवदार फळ असतं. नरफुलामागे नुसता लांब देठ. फळाची कळी पिवळी पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. मग हातानं करायचं, पण वेळ पाळून. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, काकडी, कारलं आणि लाल भोपळ्याची सकाळी. सकाळी सहाला दुधीपाशी जाऊन उपयोग नाही, रात्रीत फूल मिटायला लागलेलं असतं. ताजं नरफूल देठासह खुडा, पाकळ्या मागे दुमडून काढा, मधल्या दांड्यावरची पिवळी भुकटी बोटाला लागते का बघा. लागली तर तो दांडा मादीफुलाच्या मधल्या जाड, चिकट भागावर हलक्या हातानं सगळीकडून फिरवा. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं होतात. चार-पाच दिवसांत फळाची मान खाली झुकून ते फुगलं की काम झालं.

धरलेल्या फळाचा पुढचा शत्रू फळमाशी. कोवळ्या सालीत ती अंडी घालते, तिथे डिंकाचा थेंब दिसतो, फळ वाकडं होतं आणि आत अळ्या होतात. क्यू ल्यूरचा, म्हणजे माशीला वासानं ओढणारा, सापळा लावावा, पण तो फक्त नर पकडतो हे लक्षात ठेवून. खात्रीचा उपाय म्हणजे बोटाएवढं फळ असतानाच त्याला वर्तमानपत्राची पिशवी बांधणं. किडलेलं फळ खतखड्ड्यात टाकणं ही मोठी चूक. अळी मातीत कोष करते आणि पुन्हा माशी होऊन येते. अशी फळं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर कडक उन्हात ठेवावीत.

पानांवर बारीक पांढुरके ठिपके आणि खाली जाळी दिसली तर लाल कोळी. कोरड्या, धुळीच्या हवेत तो फोफावतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा चार-पाच दिवस सलग मारला की बराच आटोक्यात येतो. गंधकाची फवारणी कोळ्यावर चालते, पण ऐन उन्हाळ्यात वेलवर्गीय भाज्यांवर ती टाळा, पानं करपतात. मावा-तुडतुड्यांना निंबोळी अर्क पुरतो: पाव किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, फडक्यानं गाळायच्या, चमचाभर साबणाचा चुरा मिसळायचा आणि त्याच संध्याकाळी फवारायचं. उन्हात त्याचा गुण जातो.

कोथिंबीर उन्हाळ्यात महाग का होते ते पेरून बघितलं की कळतं. अख्खे धने टाकू नयेत. चपलेखाली किंवा लाटण्यानं हलके रगडून दोन फोडी करायच्या, बारा तास भिजवून ओल्या गोणपाटात एक रात्र ठेवायच्या आणि सावलीतल्याच वाफ्यात पेरायच्या. उगवेपर्यंत वर ओलं गोणपाट, आठ-दहा दिवसांनी कोंब दिसताच ते उचलायचं. उशीर झाला तर कोंब पिवळे लांबट होतात. चार-पाच पानांवर काढून घ्यावी, थांबलं तर फुलाचा दांडा येतो. पुदिना अर्ध्या सावलीत, जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापावा. ओव्याच्या पानांच्या झाडाला पाणी कमीच. कढीपत्त्याची पानं ओरबाडू नयेत, शेंड्याची डहाळी मोडावी म्हणजे खाली दोन फुटवे येतात.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळद लावावी, आल्यालाही मे महिना चांगला. आल्याचा दोन डोळ्यांचा तुकडा दोन इंच खोल, वर लगेच पाचट.

वळवाच्या वाऱ्याआधी मांडवाच्या गाठी तपासाव्यात. वेल चढवायला तार नको, ती तापते आणि वेलाचे आधाराला वेटाळणारे कोवळे तणावे भाजतात; सुतळी किंवा काथ्या वापरावा. मेअखेरीपासून निंबोळ्या पडायला लागतात, त्या वेचून गर धुऊन सावलीत वाळवून ठेवल्या की वर्षाची सोय होते. आणि मृगाच्या तोंडावर सपाट वाफे मोडून गादीवाफे करताना मटके उपसून काढावेत, नारळाच्या शेंडीनं बाहेरून घासावेत आणि ओसरीवर उपडे घालून ठेवावेत.