सुतारकाम शिकायचंय? मग आधी पाट करा

हाताच्या हत्यारांनी फर्निचर करायला शिकायचं असं मनात आलं की आपण पहिल्यांदा यूट्यूब उघडतो आणि तिथे जो तो एकच सांगतो, आधी वर्कबेंच बनवा. म्हणजे शंभरेक किलोचं भक्कम टेबल, त्याला लाकूड घट्ट पकडून धरणारा लोखंडी शिकंजा, मग त्यावर सगळं काम. आता बडोद्यात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ते कुठे ठेवायचं? मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीन आहे, तुळशीची कुंडी आहे, जी जागा उरते तिथे एक माणूस मांडी घालून बसेल एवढंच. मला वाटतं ह्या बेंचच्या नादात खूप जण सुरूच करत नाहीत. तर माझं स्पष्ट म्हणणं आहे की बेंच नको, जमिनीवर बसा आणि पहिली वस्तू म्हणून पाट करा. साधा, जेवायला बसायचा किंवा गौरी-गणपतीत मूर्तीखाली ठेवायचा पाट.

पाटच का, तर आमच्या घरात दोन पाट आहेत. एक सासूबाईंच्या सासूबाईंचा, सागवानी, काळपट झालेला, आणि एक अलीकडे बाजारातून आणलेला, छान पॉलिश केलेला. बाजारातला दोन उन्हाळ्यांत मधोमध उभा तडकला. जुना अजून इतका सपाट आहे की फरशीवर ठेवला तर जराही डुगडुगत नाही. मी दोन्ही उलटे करून शेजारी शेजारी ठेवले आणि कारण समोरच दिसलं. नव्याच्या खालच्या आडव्या पट्ट्या दोन्ही टोकांना स्क्रूने गच्च आवळलेल्या. जुन्याला एकही खिळा नाही, फळीत आडवी खाच कोरलेली, ती तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद, आणि पट्टी त्या खाचेत बाजूने सरकवून ठोकलेली. बाहेर निघूच शकत नाही पण फळीला हलायला मोकळीक आहे.

ही मोकळीक कशाला हवी हे समजलं की निम्मं सुतारकाम समजलं असं मी म्हणेन. लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करून झालं तरी ते हवेतला ओलावा घेत आणि सोडत राहतं. पण फुगतं-आक्रसतं ते रुंदीला, लांबीला जवळपास नाहीच. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठण्ण आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंती घामेजतात, एवढ्या फरकात चौदा इंच रुंदीची सागाची फळी दोन-तीन मिलिमीटर सहज हलते, आणि साग तर त्यातल्या त्यात कमी हलणारं लाकूड. खालची पट्टी मात्र आडवी असते, तिची लांबी फळीच्या रुंदीला, म्हणजे ती हलत नाही. हलणारं आणि न हलणारं एकमेकांना स्क्रूने जखडलं की काय होणार, फळी फाटणार. टेबलाचा टॉप असो, कपाटाचं दार असो, सगळीकडे हाच प्रश्न आहे आणि पाटात तो सगळ्यात साध्या रूपात भेटतो.

लाकूड मी जुनं घेतलं. शहरात जुनी घरं पाडली की तुळया, दारं, चौकटी वखारीत येतात आणि त्यातला साग इतकी वर्षं वाळलेला असतो की आता तो फार पीळ खात नाही. पण लोहचुंबक बरोबर न्याच, कारण आत मोडलेले खिळे असतात आणि एक खिळा रंध्याच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, पात्याची अख्खी धार घालवतो. घेताना फळी डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बघायचं, पीळ असेल तर लगेच दिसतो. चौदा इंच रुंद अखंड फळी मिळणं कठीण आणि महाग, मी सात-सात इंचाच्या दोन जोडल्या. साग जरा तेलकट असतो म्हणून कडेला रंधा मारल्यावर तासन् तास थांबायचं नाही, लगेच फेविकॉल लावून आवळायचं.

आता धार. ह्यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण सगळं इथेच अडतं. आमच्या सोसायटीसमोर एका दुकानाच्या ओट्यावर काम करणारे एक मिस्त्रीकाका आहेत, गुजराती, साठीच्या पुढचे, त्यांना मी जोडाबद्दल काहीही विचारलं की ते हात पुढे करायचे, माझी पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) मागायचे, अंगठ्याने हलकेच तपासायचे आणि परत द्यायचे, "बेन, पहेलां धार काढो, पछी वात." म्हणजे आधी धार काढा, मग बोलू. आणि खरंच तसंच आहे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की हात निसटतो, लाकूड कापलं न जाता चिरडतं, आणि नव्या माणसाला वाटतं की आपल्या हातात कलाच नाही.

महागडे दगड लागत नाहीत. मी काचवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा घेतला, कडा घासून घेतलेला, आणि हार्डवेअरमधून पाण्याचा सँडपेपर, 400, 1000 आणि 2000 नंबरचा. काच पक्की सपाट असते, तिच्यावर पाणी शिंपडून कागद चिकटवायचा. पहिल्यांदा पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, फक्त धारेजवळचा अर्धा-पाऊण इंच, आरशासारखी होईपर्यंत घासायची. हे एकदाच करायचं असतं, कंटाळा करू नका. मग उतरती बाजू. उतार साधारण 25 अंशांचा आणि अगदी टोकाची धार 30 च्या आसपास. हात स्थिर राहत नसेल तर चाकाचं छोटं गाईड मिळतं ते वापरा, त्यात काही कमीपणा नाही. घासता घासता पाठीच्या बाजूने धारेपासून बाहेरच्या दिशेला बोट फिरवून बघायचं (धारेवरून आडवं कधीच नाही), एक बारीकशी खरखरीत कडा बोटाला लागते. ती पूर्ण रुंदीभर लागली की समजायचं ह्या कागदाचं काम झालं, पुढचा कागद. शेवटी पाठ परत दोन-चार वेळा सपाट फिरवून ती कडा काढायची आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पुसल्यासारखं ओढायचं.

झाली का धार हे बघायला लोक हातावरचे केस कापून दाखवतात, मला ती परीक्षा पटत नाही. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीकडे पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन भंगारात मिळतं, त्याचा एक तुकडा घेऊन त्याच्या आडव्या टोकावर, जिथे तंतूंची तोंडं दिसतात, तिथे पटाशी चालवायची. पाइन मऊ असतं त्यामुळे बोथट पटाशी तिथले तंतू उपटते आणि पांढुरके खड्डे पडतात. धार असेल तर तो भाग गुळगुळीत, चमकदार कापला जातो. आणि सागावर काम करताना हे पुन्हा पुन्हा करावं लागतं कारण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, ते धार खातं. मिस्त्रीकाका तासाभरात दोनदा तरी उठून धार लावून येतात, मी आधी समजायचे की ते चहाला जातात.

धार असली की रंध्याचा आवाजच बदलतो. खरखर न येता सलग सळसळ येते आणि तोंडातून पातळ, लांब सालपट गुंडाळत वर येतं, ओल्या बोटावर चिकटेल इतकं पातळ. उन्हात धरलं तर पलीकडचं दिसतं. ह्यासाठी तरी प्रत्येकाने एकदा रंधा चालवावा!

फळी सपाट करताना आधी तिरका रंधा मारायचा, एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे, मग उभा. दोन सरळ पट्ट्या फळीच्या दोन टोकांना उभ्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघितली की कुठला कोपरा वर आहे ते कळतं. जमिनीवर बसून हे सगळं होतं का तर होतं. भिंतीला टेकवून एक जाड फळी टाकायची, तिला पुढे एक आडवी अटकणारी पट्टी, काम त्या पट्टीला टेकतं आणि आपण एका पायाने धरतो. आपल्याकडचे सुतार पिढ्यान् पिढ्या असेच काम करत आलेत. पाठ सुरुवातीला भरून येते हे खरं, अधूनमधून उठत जा.

तांबेकर वाड्यात गेलात कधी, रावपुऱ्यात? दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा. लोक तिथे भित्तिचित्रं बघायला जातात आणि ती आहेतच बघण्यासारखी, पण मी हल्ली लाकडी खांब आणि वरची तुळई जिथे भेटतात तिथेच बघत राहते. आणि ह्याच गावात सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं होतं, हातात हुन्नर असलेली माणसं रीतसर शिकून तयार व्हावीत म्हणून, दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. अशा गावात नोकरी करणाऱ्यांसाठी रविवारचा एखादा सुतारकामाचा वर्ग असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

असो, खाच. इथे घाई नको. फळी एक इंच जाड असेल तर खाच सात-आठ मिलिमीटर खोल पुरे. दोन्ही बाजूंच्या भिंती आत झुकलेल्या हव्यात म्हणून मी एका ठोकळ्याची कड दहा अंशांच्या आसपास तिरकी रंधून घेतली, तो ठोकळा रेघेवर शिकंज्याने दाबला आणि त्याला टेकवून करवत चालवली, त्यामुळे तिरपेपणा आपोआप राखला जातो. मधला भाग पटाशीने, दोन्ही टोकांकडून मध्याकडे, थोडा थोडा. एका दमात आरपार गेलात तर पलीकडची कड ढलपी होऊन उडते. तळ एकसारखा करायला खास रंधा मिळतो पण एका ठोकळ्यात तिरकं भोक पाडून त्यातून पटाशी पाचरीने घट्ट बसवली तरी तेच काम होतं, ठोकळा फळीवर फिरतो आणि पटाशी खाली ठरलेल्या खोलीवर खरवडते.

आता ह्यातली खरी गोम. खाच एका टोकाला मिलिमीटर-दीड मिलिमीटर अरुंद ठेवायची आणि पट्टीही तशीच निमुळती. मग पट्टी रुंद बाजूने सरकवली की बरीचशी हाताने जाते आणि शेवटचा इंचभर मोगरीने ठोकावा लागतो, तेव्हा ती चारी बाजूंनी आवळून बसते. पूर्ण लांबीला फेविकॉल लावायचा नाही! लावला तर स्क्रूवाल्या पाटाचीच गत. फक्त मधोमध बांबूची एक बारीक खुंटी, म्हणजे फळी मध्यापासून दोन्हीकडे सारखी हलते. जुन्या पाटालाही मध्यभागी तशीच खुंटी आहे, नीट पुसल्यावर दिसली.

वरून जवसाचं तेल, पातळ हात, जास्तीचं पुसून टाकायचं, एक-दोन दिवसांनी परत. एक गोष्ट मात्र ठळक सांगते, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, बोळ्यात ती उष्णता साठून फडकं आपोआप पेटू शकतं, आणि आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत तर हा धोका अजिबात घेऊ नये. पाण्यात भिजवून टाका किंवा बाहेर दोरीवर एकेक मोकळं पसरून वाळू द्या.

पुढचं काम चौरंग. चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या, म्हणजे खाच-कुसू आलं (पायात खाच आणि पट्टीच्या टोकाला त्यात बसणारं बारीक कुसू), आठ जोड. पट्टी पाऊण इंच जाड घेणार आहे, कुसू तिच्या साधारण एक तृतीयांश ठेवायचं असतं म्हणजे पाव इंच, आणि खाच पटाशीच्या रुंदीचीच कोरायची. त्यासाठी पाव इंची पटाशी आणली आहे. तिची पाठ घासून झाली की आधी पाइनच्या तुकड्यावर खाचा मारून बघणार, मग सागाला हात.