बॅच नंबर वाचता येत नाही

सोलापुरात एका घाऊक औषध विक्रेत्याकडे मी फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे पेशंट येत नाहीत, मेडिकलवाले येतात. औषध कोणत्या दुकानात गेलं हे आम्हाला बिलावरून कळतं, कोणाच्या पोटात गेलं ते कळत नाही. ५ ऑक्टोबर २०२५ च्या रविवारी मात्र ते शोधत फिरायची वेळ आली.

दसरा गुरुवारी होऊन गेला होता, दुसऱ्या दिवशी कोजागरी. तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला, त्यामुळे त्या बाजूच्या दुकानांचा माल गोदामातच अडकला होता. तो लावत असताना केमिस्टांच्या ग्रुपवर राज्याच्या एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, सूचना आली. कोल्ड्रिफ सिरप, बॅच एसआर-१३, उत्पादन मे २०२५, मुदत एप्रिल २०२७, तमिळनाडूत कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यातलं. विक्री, वाटप, वापर ताबडतोब थांबवा, कोणाकडे असेल तर १८००२२२३६५ वर कळवा. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन दगावत असल्याच्या बातम्या आधीपासून येत होत्या. पुढे दगावलेल्या मुलांचा आकडा विसाच्या वर गेला.

सूचना म्हणजे फोटोचा फोटो होता. तिसऱ्या-चौथ्या फॉरवर्डपर्यंत 'एस'चा पाच झालेला. मी कॉम्प्युटरवर नाव टाकलं. स्टॉक शून्य, खरेदी शून्य. ती कंपनी आमच्याकडे कधी आलीच नव्हती. आमच्यापुरतं काम तिथंच संपायला हवं होतं.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. घरी तेलुगू बोलतात, धंद्यात मराठी आणि रागावले की दोन्ही. ते खुर्चीत बसून म्हणाले, "बघ आता. घाबरून सगळे खोकल्याचं झाडून सगळं परत पाठवतील."

तसंच झालं. अर्ध्या तासात फोन सुरू. एकाला लाल रंगाच्या सगळ्याच बाटल्या परत करायच्या होत्या. दुसऱ्याला नावात 'कोल्ड' असलेलं सगळं. नावात 'कोल्ड' असलेली औषधं डझनांनी आहेत! बॅच विचारली की पलीकडून एकच उत्तर, "ते कशाला? तुम्ही क्रेडिट नोट द्या की." माझं यावर मत पक्कं आहे. चांगल्या मालाचे खोके परत येऊन गोदाम भरलं, तर खरी बाटली त्या ढिगात सापडायची नाही. केंद्राच्या रिकॉलच्या, म्हणजे माल परत मागवायच्या, नियमांत सगळ्यात धोक्याच्या मालासाठी २४ तास, फार तर ७२ तास दिलेले आहेत. ते तास आम्ही नको ते खोके मोजण्यात घालवायचे का?

गोदामातल्या एका पोरानं मध्येच विचारलं, औषधात विष जातंच कसं? त्याला सांगितलं ते इथंही सांगते, कारण पुष्कळ मेडिकलवाल्यांनाही हे नीट माहीत नसतं. गोळीची पूड पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून सिरपमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन असले द्रव घालतात. ते औषधी दर्जाचे हवेत. डायइथिलीन ग्लायकॉल हा त्यांच्यासारखाच दिसणारा, बिनरंगी, गोडसर द्रव, पण कारखान्यात वापरायचा. स्वस्त माल घेतला, पिंप तपासलं नाही, की तो औषधात उतरतो. मर्यादा ०.१ टक्का. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्या बॅचमध्ये ४८.६ टक्के सापडला. म्हणजे बाटलीत जवळजवळ निम्मं तेच. चवीवरून आईला कळणार नाही, वासावरून मला कळणार नाही. मुलाला उलट्या होतात, पोट दुखतं, मग लघवी कमी होत होत बंद होते.

अण्णा ऐकत होते. म्हणाले, "जे. जे. मध्ये हेच झालं होतं." १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून हेच विष जाऊन १४ पेशंट गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. अण्णा तेव्हा नुकते धंद्यात आले होते. त्यांच्या आठवणीत आयोगापेक्षा एक गोष्ट जास्त पक्की होती, ग्लिसरीनची बाटली दिसली की तेव्हा लोक बिल मागायचे. "सहा महिने मागितलं. मग बंद."

चारच्या सुमारास मोहोळ तालुक्यातल्या, सीनाकाठच्या एका गावातून मेडिकलवाल्याचा फोन आला. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला, तेव्हा त्याच्या दुकानात पाणी शिरलं होतं. त्याचा सगळा माल आम्ही आधीच परत घेतला होता, म्हणून मला वाटलं हिशेबाचं काहीतरी असेल. पण तो म्हणाला, "मॅडम, दुकानाचं नाही ओ. पुराच्या मदतीत औषधांची पोती आलीत शाळेत. कुणी दिली, कुठून आली, कायबी लिहिलेलं नाही. पोरांना वाटलंय त्यातलं खोकल्याचं."

बिल नाही, चलन नाही. एफडीएला कळवलं. रविवारी सगळ्या जिल्ह्याचे फोन तिथंच जात असणार. निरीक्षक उद्या सकाळी येतील, तोवर वाटप थांबवा आणि माल वेगळा ठेवा, असं सांगितलं गेलं. अण्णांनी डिलिव्हरीचा टेम्पो काढायला लावला. "तिथं वेगळं ठेवणार कोण? तू जा."

शाळेच्या वर्गात तांदळाच्या कट्ट्यांशेजारी ती पोती होती. देणाऱ्यांची नियत चांगलीच असणार, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण लोकांनी घरातलं उरलंसुरलं औषध भरून पाठवलं होतं. अर्ध्या बाटल्या, झाकणाला चिकटलेला साखरेचा थर, खोकं नाही, एका बाटलीला दुसरीचं झाकण. लेबल छापील असतं, ते टिकतं. बॅच नंबर आणि मुदत मात्र नंतर मशीननं मारतात. त्या शाईवर औषधाचा ओघळ आला, बोट फिरलं की ती पुसली जाते. आम्ही सतरंजीवर तीन ढीग केले. बॅच वाचता येते ते, वाचता येत नाही ते, आणि लेबलच नाही ते. तिसरा ढीग लहान होता, दुसरा सगळ्यात मोठा. कोल्ड्रिफ नावाची बाटली एकही निघाली नाही. लेबल नसलेल्यांबद्दल काय म्हणणार?

गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी वाटपाची वही ठेवली होती. पुरात स्वतःचं घर ओलं असताना त्यांनी ती ठेवली, हे मला मोठं वाटलं. पोराचं नाव, वय, आणि पुढे "लाल औषध १ चमचा" किंवा "पिवळं औषध अर्धा". औषधाचं नाव कुठंच नाही. त्या ओशाळल्या. मी म्हटलं, ताई, वही आहे म्हणून घरं तरी सापडतील. शहरातल्या दुकानात हीच चौकशी करायला गेले असते तर? कायद्यानं बिलावर बॅच लागते, पण तीस-चाळीस रुपयांच्या सिरपचं बिल मागतो कोण आणि देतो कोण!

मग घरोघर. पहिल्या घरात बाटली रिकामी करून, धुऊन, तिच्यात खोबरेल भरलेलं. दुसऱ्या घरची बाई बाटली द्यायलाच तयार नव्हती. "गुण आलाय पोराला. आता कशाला नेता?" मी विष हा शब्द मुद्दाम काढला नाही. एकदा तो गल्लीत सुटला असता तर पुढच्या घरी बाटल्या उकिरड्यावर गेल्या असत्या आणि मला एकही मिळाली नसती. तारखेचा घोळ आहे, बदलून घ्यायचं आहे, एवढंच सांगत गेलो. अर्धं खरं होतं ते. आजही मला तेच बरोबर वाटतं. आशाताईंना मात्र ते पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. "त्यांना खरं सांगा, त्या रडतील आणि देतील," असं त्यांचं म्हणणं.

प्रत्येक घरी एक प्रश्न ठरलेला, पोराला लघवी नीट होते का? एका आजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मुततंय की! रातच्याला दोनदा गोधडी भिजवली. ह्ये इचारायला सोलापूरवरनं आलाव व्हय?" आशाताई हसल्या, मी हसले, आजी काही हसल्या नाहीत. वहीतल्या त्या नावापुढे मी बरोबरची खूण केली. इतकी छान बातमी त्या दिवशी दुसरी मिळाली नाही.

अंधार पडेपर्यंत एक घर सोडून सगळी झाली. एका मुलाला दोनतीन दिवस उलट्या होत होत्या. त्याला त्याच टेम्पोनं ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक होती. पुरानंतरच्या पाण्याचा त्रास निघाला.

राहिलेल्या घराला कुलूप. अडीच वर्षांची मुलगी, "लाल औषध १ चमचा". शेजारी म्हणाले, सोलापूरला सासुरवाडीला गेलेत, तिथून तुळजापूरला चालत जाणार. फोन लावला. गोंगाट, हलगी, "आई राजा उदो उदो". वडील तामलवाडीच्या आसपास होते, मुलगी खांद्यावर, बाटली पिशवीत. मी म्हटलं, दादा, बाजूला थांबा आणि बाटलीवरचं सगळं वाचा. त्यांनी मोबाईलची बॅटरी लावून वाचायला सुरुवात केली. किंमत, कंपनीचा पत्ता, "थंड जागी ठेवा", पुन्हा किंमत. बॅच कुठं असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुदतीच्या वर बघा म्हटल्यावर एकेक अक्षर सांगू लागले. एसआर-१३ नव्हती. कंपनी दुसरी, नावाजलेली, मुदतही बाकी. माझ्या शेजारी उभ्या आशाताईंनी श्वास सोडला.

मी त्यांना आणखी थोडं वाचायला सांगितलं, खाली बारीक अक्षरांत काय आहे ते. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन ही सर्दीवरची दोन औषधं, आणि त्याखाली चार वर्षांखालील मुलांना देऊ नये. केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये या जोडीच्या औषधांवर ही सूचना छापायला लावली होती. दोनच दिवसांपूर्वी, ३ ऑक्टोबरला, आरोग्य सेवा महासंचालनालयानंही सांगितलं होतं, दोन वर्षांखाली खोकल्या-सर्दीचं औषध नकोच, पाचाखालीही शक्यतो नको. औषधात खोट नव्हती, परत मागवायच्या यादीत ते कधीच आलं नसतं. मुलगीच त्या वयाची नव्हती.

"आज किती वेळा दिलं?"

"सकाळी एकदा. आता झोपताना देणार होतो, चालणं लई झालंय, शांत झोपंल म्हणून."

देऊ नका म्हटलं. श्वास जोरात चालतो का, दूध-पाणी घेते का, लघवी केली का, सगळं विचारलं. सगळं ठीक होतं, नाक तेवढं गळत होतं. वाटेत यात्रेकरूंसाठी दवाखान्याचा मांडव लागेल, तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हटलं. "बाटली टाकून देऊ का?" नको, परत घेऊन या, असं सांगितलं.

सोमवारी निरीक्षक आले. पंचनामा झाला, पोती सील झाली. उघड्या बाटल्यांवरून कोणाला जबाबदार धरता येणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं, पण त्या पुन्हा वाटपात जाणार नाहीत एवढं पाहिलं. दुपारी मी गोदामात परतले तेव्हा खोकल्याच्या औषधांचे परत आलेले खोके दारापर्यंत रचलेले होते. अण्णा एकेकाची बॅच मोठ्यानं वाचत होते आणि पोरगा लिहून घेत होता.