नोव्हेंबरातले सामुई आणि जुलैतले त्रिंकोमाली

थायलंडच्या आखातातल्या कोह सामुई बेटावर नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी सलग चार दिवस व्हरांड्यात बसून पाऊस पाहिला. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल चौथ्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकाच ओला होता, कॅमेऱ्याच्या भिंगावर आतून बाष्प धरले होते आणि समुद्र खवळल्यामुळे मुख्य भूमीकडे जाणारी आमची बोट दोनदा रद्द झाली होती. 'थायलंडला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे' एवढ्या एका वाक्यावर विसंबून मी तिकिटे काढली होती. ते वाक्य बँकॉकपुरते आणि अंदमान समुद्राकाठच्या फुकेत, क्राबीपुरते बरेचसे खरे आहे. सामुई मात्र द्वीपकल्पाच्या पूर्व अंगाला आहे आणि तिथला सर्वांत ओला महिना नोव्हेंबरच असतो, हे मला भिजल्यानंतर कळले.

मान्सून या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी 'मौसिम'चा अर्थ ऋतू असा आहे; हिंदी महासागरात शिडाची जहाजे हाकणाऱ्यांना पावसापेक्षा वाऱ्याची फिकीर अधिक होती. आपला 'मोसमी वारे' हा शब्दप्रयोग त्या दृष्टीने फार नेमका आहे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे तिकडे ओढले जातात. हिवाळ्यात जमीन लवकर थंडावते आणि वारे उलटे फिरतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १६८६ मध्ये मांडलेले हे स्पष्टीकरण आज अपुरे मानले जाते, कारण विषुववृत्तालगतच्या कमी दाबाच्या पट्ट्याचे उत्तर-दक्षिण सरकणे, पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे आणि डोंगररांगा यांचाही त्यात मोठा वाटा असतो. प्रवाशाच्या कामाची गोष्ट एवढीच, की वारा उलटा फिरला तरी तो वाटेत समुद्र ओलांडून आला असेल, तर पाऊस आणतोच; फक्त तो दुसऱ्या किनाऱ्यावर पडतो.

हे समजून घ्यायला श्रीलंकेइतके सोपे उदाहरण दुसरे नाही. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्येचे वारे कोलंबो, गॉल आणि मध्य डोंगराळ भागाचा पश्चिम उतार भिजवून काढतात, आणि डोंगर ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत ते कोरडे व गरम झालेले असतात. या उष्ण वाऱ्याला तिकडे 'कच्चान' असे नाव आहे. मी जुलैत त्रिंकोमालीला गेलो तेव्हा गॉलहून निघताना छत्री उघडावी लागली होती आणि पूर्व किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा समुद्र इतका नितळ होता की गुडघाभर पाण्यात उभे राहिले तरी पायाची नखे दिसत होती. डिसेंबर ते फेब्रुवारीत हे चित्र नेमके उलटते: ईशान्येचे वारे बंगालच्या उपसागरावरून येऊन त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआला झोडपतात, तर दक्षिण किनाऱ्यावरील मिरिस्सा येथे देवमासे पाहण्याचा हंगाम ऐन भरात असतो. म्हणजे 'श्रीलंकेला कधी जावे' हा प्रश्नच अर्धवट आहे. 'श्रीलंकेच्या कोणत्या बाजूला' हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही.

हीच गोष्ट चेन्नईची. केरळात मान्सून साधारणपणे १ जूनला दाखल होतो आणि जून-जुलै हे कोचीचे सर्वांत ओले महिने असतात. चेन्नईच्या वर्षभराच्या सुमारे १,४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. व्हिएतनाममध्ये तर एकाच देशात वेगवेगळी वेळापत्रके सांभाळावी लागतात. हनोई आणि हो ची मिन्ह शहर उन्हाळी मोसमात भिजतात, पण मधल्या पट्टीतल्या ह्यू आणि होई आन येथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुराची भीती असते, आणि जे उत्तर-दक्षिण असा सगळा देश एका दमात पाहायचा म्हणतात त्यांना मार्चइतका सोयीचा महिना क्वचितच सापडतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला बाली आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे डिसेंबर-जानेवारीत पावसाचा जोर असतो व मे ते सप्टेंबर हा काळ कोरडा जातो. इकडे पाऊस कोसळत असताना तिकडे आकाश निरभ्र असते.

यानंतरची चूक सरासरीच्या तक्त्यांमुळे होते आणि ती मीही केलेली आहे. एखाद्या महिन्यापुढे ३०० मिलिमीटर असा आकडा दिसला की आपण घाबरतो. पण तो पाऊस पाच दिवसांत पडतो की वीस दिवसांत, पहाटे पडतो की दुपारी, हे त्या आकड्यातून कळत नाही. भारतात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस' धरला जातो, म्हणून मी आता एकूण पावसाआधी अशा दिवसांची संख्या पाहतो. पावसाची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. बँकॉक किंवा हो ची मिन्ह शहरात पावसाळ्यातल्या बऱ्याच सरी दुपारनंतर येतात, तासाभरात रस्ते बुडवतात आणि निघून जातात. सकाळ मोकळी मिळते. केरळच्या किनाऱ्यावर जूनमध्ये मात्र दिवसदिवस झड लागू शकते, आणि तिथे 'सकाळी फिरून घेऊ' हा बेत कागदावरच राहतो.

अर्थात तिथेही पाऊस चार महिने अखंड कोसळत नाही. मध्येच आठ-दहा दिवसांचा खंड पडतो, मळभ फाटते आणि धुतल्यासारखी स्वच्छ उघडीप मिळते. या चढउतारांमागे इतर कारणांबरोबर विषुववृत्तालगत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणारी ढगांची एक प्रचंड लाटही असते. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन या हवामानशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ती प्रथम दाखवून दिली, आणि साधारण तीस ते साठ दिवसांत तिची फेरी पूर्ण होते. तिच्या हालचालीवरून दोन-तीन आठवडे पुढचा अंदाज बांधता येतो, सहा महिने पुढचा येत नाही. त्यामुळे ऐन पावसाळ्यात जायचेच असेल, तर तारखा शक्य तितक्या उशिरा ठरवाव्यात, हे माझे मत पक्के झाले आहे, मग विमानाचे भाडे थोडे जास्त का पडेना.

दुसरा उपाय पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्याचा. मुन्नारला ऑगस्टमध्ये दोन दिवस धुक्यापलीकडे काही दिसले नाही म्हणून आम्ही मरयूरच्या रस्त्याने खाली उतरू लागलो, तर तासा-दीड तासात चहाचे मळे संपले, काच पुसणारे वायपर कोरड्या काचेवर करकरू लागले आणि चिन्नार अभयारण्याजवळ निवडुंग व काटेरी झुडपे दिसू लागली. मागे वळून पाहिले तर डोंगरमाथ्यावर ढग तसाच अडकून बसलेला होता.

खरे सांगायचे तर पाऊस ही प्रवासातली लहान अडचण आहे. मोठी अडचण समुद्राची. पावसात शहर, देवळे, जंगलाच्या कडा पाहता येतात, परंतु वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर लाटांची ओढ जीवघेणी असते आणि तिथे ऊन पडलेले असले तरी लाल बावटा खाली येत नाही. फुकेतजवळची सिमिलन बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरील पेरहेंतियन बेटांवरचा व्यवहार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जवळजवळ थांबतो. आसामातील काझीरंगा पावसाळ्यात बंद ठेवावे लागते, कारण ब्रह्मपुत्रेचे पाणीच आत शिरते. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे महिने मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे आहेत, म्हणजे पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना. ऐन जुलैत ती क्वचितच होतात.

कोरडा हंगाम म्हणजे निर्दोष हंगाम असेही नाही. उत्तर थायलंडातील चिआंग माई येथे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतातला पालापाचोळा आणि जंगल जळण्याच्या धुराने डोंगर दिसेनासे होतात, आणि पाऊस फार कमी असल्यामुळे तक्त्यात मात्र ते महिने देखणे दिसतात. धबधब्यांचेही तसेच. केरळातला अतिरप्पिळ्ळीचा धबधबा मार्चमध्ये पाहिलेल्या माणसाने त्याचे एवढे कौतुक कशासाठी, असे विचारले तर त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून मला पावसाळा सरतानाचे आठवडे सर्वांत आवडतात: नद्या भरलेल्या, हवा धुतलेली आणि गर्दी अजून यायची असते. कंबोडियातील टोनले साप सरोवर त्या वेळी पाहावे. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की सरोवरातून तिच्याकडे जाणारा प्रवाह उलटा फिरतो आणि २,५०० चौरस किलोमीटरच्या आसपास असलेले पाणी पसरत पसरत १५,००० पर्यंत जाते. सरोवराकाठच्या कोम्पाँग फ्लुक गावात मी एप्रिलमध्ये गेलो, तेव्हा भेगाळलेल्या चिखलात उभ्या असलेल्या उंच लाकडी खांबांवर घरे टांगल्यासारखी दिसत होती आणि एका घराच्या शिडीला मी एकवीस पायऱ्या मोजल्या होत्या. पुढे एका ऑक्टोबरच्या शेवटी त्याच शिडीला होडी लावली, तेव्हा चारच पायऱ्या पाण्याबाहेर होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर बसून एक मुलगा जाळे धूत होता.