पांढरे डाग आणि कोकोची पूड

रक्षाबंधनाच्या आधीचे दोन आठवडे घरगुती चॉकलेट करणाऱ्यांसाठी दिवाळीपेक्षाही अवघड असतात, कारण मागणी मोठी असते आणि हवा आमच्या विरोधात असते. ठाणे-डोंबिवली परिसरात ऑगस्टमध्ये हवेत इतका ओलावा असतो की फ्रिजमधून काढलेला कोणताही पदार्थ दोन मिनिटांत घामेजतो. मी ठाण्यात चॉकलेटचे वर्ग घेते. माझ्याकडे शिकून गेलेल्या आणि आता स्वतःचा छोटा व्यवसाय करणाऱ्या डोंबिवलीच्या एका विद्यार्थिनीचा सोमवारी दुपारी फोन आला. एका कार्यालयाने तिच्याकडून कर्मचाऱ्यांसाठी भेटीच्या पेट्या घेतल्या होत्या आणि आता त्यांतल्या ट्रफलना, म्हणजे चॉकलेटच्या वळलेल्या छोट्या गोळ्यांना, बुरशी आल्याची तक्रार छायाचित्रांसह आली होती. "ताई, तुम्ही एकदा बघून जाल का? मला स्वतःवर विश्वासच राहिला नाही," एवढेच ती म्हणाली. संध्याकाळचा वर्ग पुढे ढकलून मी निघाले.

प्रत्येक पेटीत चार ट्रफल होते, दोन प्रकारचे. पहिला प्रकार बिस्किटाचा चुरा आणि कंडेन्स्ड मिल्क मळून वळलेला आणि वरून डार्क कंपाऊंडमध्ये, म्हणजे कोको बटरऐवजी वनस्पती चरबी वापरलेल्या चॉकलेटमध्ये, बुडवलेला. दुसरा मऊ गनाशचा, म्हणजे क्रीम आणि चॉकलेटच्या मिश्रणाचा, कोकोच्या पुडीत घोळवलेला. कार्यालयाने परत पाठवलेल्या पेट्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या होत्या. बहुतेक पेट्यांमध्ये कोकोवाले ट्रफल संपलेले होते, आणि वरचे आवरण पांढुरके, डागाळलेले झालेले बिस्किटाचे ट्रफल जसेच्या तसे शिल्लक होते. लोकांनी डाग पाहिले, घाबरून ते बाजूला ठेवले आणि जे देखणे दिसत होते ते खाल्ले.

चॉकलेटवरचा पांढरेपणा पाहून बुरशी म्हणणे ही इतकी सर्रास होणारी चूक आहे की माझ्या वर्गात मी तिच्यावर बराच वेळ घालवते. बुरशीला तंतू असतात. आडव्या प्रकाशात धरले की ती कापसासारखी उठलेली दिसते, एका ठिकाणाहून पसरत जाते आणि बहुतेक वेळा तिच्यात हिरवट किंवा करडी छटा असते. चॉकलेटवर येणारा पांढरेपणा त्याहून वेगळा, आणि तोही दोन प्रकारचा. एक स्निग्धांशाचा: उष्णतेने वितळलेली चरबी पृष्ठभागावर येऊन पुन्हा गोठते, बोटाला गुळगुळीत लागते आणि ऊब मिळताच नाहीशी होते. दुसरा साखरेचा: थंड चॉकलेटवर हवेतले पाणी दवासारखे जमते, त्यात वरच्या थरातली साखर विरघळते, पाणी उडून जाते आणि मागे साखरेचे बारीक, खरखरीत स्फटिक राहतात. मी एका डागावर हेअर ड्रायरची गरम हवा धरली. आवरण मऊ पडू लागले तरी डाग गेला नाही. मग ओले बोट फिरवले, तेव्हा तो चिकट होऊन विरघळला. म्हणजे ती साखर होती. विद्यार्थिनीने शुक्रवारी पेट्या फ्रिजमधून काढून लगेच कुरिअरच्या हाती दिल्या होत्या, आणि बाकीचे काम डोंबिवलीच्या हवेने केले. ट्रफल कापून पाहिला, वास घेतला, चव घेतली. बिस्किटाचा तो गोळा उत्तम स्थितीत होता.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे बुरशी नाही ना, ताई?" मी नाही म्हणाले, आणि शिल्लक राहिलेल्या मोजक्या कोकोवाल्या ट्रफलपैकी एक सुरीने मधोमध कापला.

त्याच्या आतला भाग चमकदार नव्हता. कडेला तुपकट थर सुटला होता, खालची कागदी वाटी तेलाने पारदर्शक झाली होती, आणि नाक जवळ नेल्यावर कोकोच्या मागून लोण्याचा आंबट, उतरलेला वास येत होता. दुसराही तसाच निघाला. कोकोची पूड या कामात फार उपयोगी असते, कारण ती हाताला चिकटू देत नाही आणि वेडावाकडा गोळाही देखणा करते. पण तिचा गडद रंग आणि कडवट गंध आतल्या बिघाडावर तितकाच चांगला पडदा टाकतो. पेट्या शुक्रवारी संध्याकाळी गेल्या होत्या आणि शनिवार-रविवार बंद कार्यालयात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत राहिल्या होत्या. सोमवारी सकाळी त्या वाटल्या गेल्या. ताज्या क्रीमचा पदार्थ ऑगस्टमध्ये दोन दिवसांहून अधिक काळ फ्रिजबाहेर होता, आणि तो खाल्ला गेला होता.

मी तिला कृती विचारली. वर्गात मी शिकवते त्या गनाशमध्ये एका भाग क्रीमला दोन भाग डार्क चॉकलेट असते, आणि आपल्याकडे खोक्यात मिळणारे २५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम असेल तर मी अडीच भागांचा आग्रह धरते, कारण अशा १०० ग्रॅम क्रीममध्ये जवळजवळ दोन तृतीयांश निव्वळ पाणी असते. तिने २०० ग्रॅम कंपाऊंडला २०० मिलिलिटर क्रीम घातले होते. कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "उघडलेलं खोकं उरलं की वाया जातं, ताई. शिवाय पूर्ण घातलं की तोंडात टाकताच विरघळतं, लोकांना तेच आवडतं." दोन्ही कारणे खरी होती. गोळे वळता येईनात म्हणून तिने मिश्रण फ्रीजरमध्ये कडक केले, भराभर वळले आणि कोकोत घोळवले.

हे प्रकरण अजून माझ्या डोक्यातून जात नाही, ते इथेच. भट्टीशिवाय होणारे ट्रफल 'सोपे' म्हणून सगळीकडे दाखवले जातात, आणि हाताने करण्याच्या बाबतीत ते खरेच सोपे आहेत. बिस्किटाच्या प्रकाराला तर काहीच लागत नाही: ३०० ग्रॅम मारी बिस्किटांची बारीक पूड, ४०० ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, तीन-चार मोठे चमचे कोको, थोडे लोणी. मळल्यावर वीस मिनिटे झाकून ठेवायचे, म्हणजे कोरडी पूड सुटे पाणी पिऊन घेते आणि चिकट वाटणारा गोळा आपोआप वळण्याजोगा होतो. घाईने जास्त बिस्किटे घालणाऱ्यांचे ट्रफल दुसऱ्या दिवशी दगड होतात. पण भट्टी नाही याचा अर्थ असाही आहे की या पदार्थाला शेवटी कोणतीही मोठी उष्णता मिळत नाही. केक भाजताना बरेच जंतू मरतात. इथे वळणाऱ्या हाताचे, वाटीचे, चमच्याचे जे काही असेल ते तसेच आत राहते. त्यानंतर ते वाढणार की नाही, हे बहुतांशी मोकळ्या पाण्यावर ठरते.

मोकळे पाणी आणि एकूण पाणी एक नव्हे. मुरांबा ओला असूनही टिकतो, कारण त्यातले पाणी साखरेने बांधलेले असते. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाव भागाहून थोडेच जास्त पाणी आणि जवळजवळ ४५ टक्के साखर असते, त्यामुळे बंद डबा फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने राहतो. त्यात कोरडे बिस्किट मिसळले की तयार गोळ्यात पाणी सुमारे १५ टक्के उरते आणि तेही घट्ट पाकात अडकलेले. विद्यार्थिनीच्या गनाशमध्ये मात्र एकतृतीयांश पाणी होते आणि त्याला बांधायला साखर अपुरी होती. अन्नतंत्रज्ञ हे मोकळे पाणी शून्य ते एक या मापावर मोजतात. माप ०.८५ च्या खाली असेल तर रोग निर्माण करणारे जिवाणू सहसा वाढू शकत नाहीत. मोठ्या चॉकलेट कारखान्यांत प्रत्येक नव्या सारणासाठी हे यंत्रावर तपासले जाते, ग्लुकोज सिरप किंवा इन्व्हर्ट साखर यांसारखे पाणी बांधणारे पदार्थ घालून ते खाली आणले जाते आणि मगच तारीख छापली जाते. आमच्या क्षेत्रात तारीख अंदाजाने लिहितात. शेजारची काय लिहिते ते पाहून लिहितात. पेटीवर छापलेला अन्न नोंदणीचा क्रमांक पाहून ग्राहकाला वाटते की कोणीतरी हा पदार्थ तपासला असेल. तो क्रमांक व्यवसायाचा असतो, त्या ट्रफलचा नव्हे.

दोन तासांत आठ प्रकारचे ट्रफल शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांचा मला मनापासून राग आहे. तिथे आवरणाला चकाकी कशी आणायची हे शिकवतात, गनाश फाटले तर एक चमचा कोमट दूध घालून ते कसे सावरायचे हेही शिकवतात, पण कोणता ट्रफल किती दिवस आणि कुठे राहील, हा प्रश्नच कोणी काढत नाही. मोबाइलवरच्या चित्रफितीत तर बिस्किट, कंडेन्स्ड मिल्क, क्रीम, क्रीम चीज ही सारी एकमेकांना पर्याय म्हणून सांगितली जातात, कारण चित्रफितीत ती सारी सारखीच वळली जातात. घाऊक खरेदीदारांची मागणी अशी असते की पदार्थ घरगुती हवा, टिकवण्याचे रसायन नको, क्रीम खरे हवे आणि पंधरा दिवस बाहेर राहिला पाहिजे. या चारही अटी एकत्र पाळणारे ट्रफल घरच्या ओट्यावर होत नाहीत, आणि हे खरेदीदाराला स्पष्ट सांगणारी व्यक्ती त्या स्पर्धेत मागे पडते.

मी तिला म्हणाले की आता कार्यालयाला दोन गोष्टी कळवायला हव्यात: डागवाले ट्रफल निर्धोक आहेत, आणि कोकोवाले कोणाकडे उरले असतील तर ते खाऊ नयेत. ती गप्प झाली. तिचे पती आतल्या खोलीतून बाहेर आले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, "ताई, त्यांची तक्रार डागांची आहे. डाग निर्धोक आहेत, हे तुम्हीच दाखवलंत. न विचारलेलं कशाला सांगायचं? दोन वर्षं ही पहाटे चारला उठते आहे." मला त्यांचा राग आला नाही. हप्त्याने घेतलेला मोठा फ्रिज त्यांच्या मागेच उभा होता. मी एवढेच विचारले की एखाद्या कर्मचाऱ्याने राखीसाठी ती पेटी घरी नेली असेल आणि घरात लहान मूल असेल तर काय. फोन लावायचा की नाही हे त्यानंतर मी बोलले नाही. तिने स्वतःच लावला.

कार्यालयातल्या अधिकारी बाईंना ते पटवणे फार कठीण गेले. त्यांना दिसत होते की पांढरे झालेल्या वस्तूला चांगले म्हटले जात आहे आणि संपून गेलेल्या, सर्वांना आवडलेल्या वस्तूला खराब. पैसे परत द्यायचे टाळण्यासाठी ही गुंतागुंत रचली जात आहे, असे त्या जवळजवळ म्हणाल्याच. विद्यार्थिनीने सगळ्या पेट्यांचे पैसे परत करते असे सांगितल्यावर त्यांचा आवाज उतरला, आणि तेव्हा त्यांनी सांगितले की दोन जण दुपारनंतर पोट बिघडल्याचे सांगून घरी गेले आहेत. त्याच दिवशी कार्यालयात बाहेरून मागवलेले जेवणही होते. ट्रफलमुळे की जेवणामुळे, हे सांगायला कोणताच नमुना उरलेला नव्हता. दोघेही दुसऱ्या दिवशी कामावर आले, एवढेच आम्हाला समजले.

त्या रात्री निघताना तिने मला एक प्रश्न विचारला, ज्याचे पुरेसे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. "तुम्हीच म्हणता की चवीत स्वतःचं काहीतरी घाला. मग कोणता बदल चालतो आणि कोणता नाही, हे मला कसं कळणार?" सुका मेवा, वेलची, कॉफीची पूड, भाजलेले सुके खोबरे यांनी फार बिघडत नाही. गुलकंदात साखर भरपूर असते, त्यामुळे तोही बेताने चालतो. ताजे क्रीम, आंब्याचा रस, ताजे नारळ, पनीर, क्रीम चीज यांनी पदार्थाची जातच बदलते, तो फ्रिजचा पदार्थ होतो. हे मी शिकवते आणि तिच्या वहीत ते लिहिलेलेही होते. पण ओट्यावर उभ्या असलेल्या बाईला क्रीमचे प्रमाण दुप्पट करणे हा तितका मोठा बदल वाटत नाही, कारण घटक तेच असतात आणि गोळा अधिक चांगला लागतो. बिघाड चवीच्या दिशेने येतो, हे शिकवायचे कसे, यावर मी आजही विचार करते आहे. सध्या वर्गात मी दोन्ही प्रकारचे ट्रफल झाकून बाहेर ठेवते आणि तिसऱ्या दिवशी सर्वांना कापून वास घ्यायला लावते. एका बैठकीत संपणाऱ्या वर्गापेक्षा याला वेळ जास्त लागतो, आणि काही जणी त्या तिसऱ्या दिवशी येतच नाहीत.

दिवाळीच्या आधी तिला दुसऱ्या एका कार्यालयाने विचारणा केली. मागणी मऊ, क्रीमच्या ट्रफलचीच होती. तिने दोन दर पाठवले: बिस्किटाचे ट्रफल साध्या पेटीत, आणि क्रीमचे ट्रफल बर्फाच्या पिशवीसह थर्माकोलच्या डब्यात, त्याच दिवशी पोहोचवून, वर 'फ्रिजमध्ये ठेवा, पाच दिवसांत संपवा' असे छापून. दुसरा दर पहिल्याच्या दुपटीजवळ गेला. त्यांनी कळवले की क्रीमचेच ट्रफल बाहेर पंधरा दिवस टिकतील अशा हमीसह आणि कमी दरात त्यांना अन्यत्र मिळत आहेत. तिने तो निरोप मला पुढे पाठवला आणि खाली लिहिले की बिस्किटाच्या ट्रफलच्या तीस पेट्या सोसायटीतल्या लोकांनी घेतल्या आहेत, आणि या खेपेला फ्रिजमधून काढलेल्या पेट्या ती दोन तास बंद डब्यातच ठेवून मग उघडते आहे, म्हणजे पाणी डब्यावर सुटते, चॉकलेटवर नाही.