पेस्टिंगच्या पट्टीवर गेलेलं यूव्ही

दिवाळीला आठ दिवस होते. फराळ करून विकणाऱ्या एका काकूंच्या बॉक्सचं डिझाइन मी केलं होतं, 2000 नग, 350 जीएसएमचा (चौरस मीटरला 350 ग्रॅम वजनाचा) एफबीबी, म्हणजे फोल्डिंग बॉक्स बोर्ड, खोक्यांसाठीचा पुठ्ठा. एफबीबी यासाठी की तेवढ्याच जीएसएमला तो आर्ट कार्डपेक्षा जाड भरतो, आत चकल्या भरल्या तरी बॉक्स ताठ उभा राहतो. वरून गडद मरून, मॅट लॅमिनेशन, म्हणजे प्लास्टिकची पातळ फिल्म, नावाला सोनेरी फॉइल आणि सगळ्या अंगभर स्पॉट यूव्हीची, म्हणजे हव्या त्या जागीच चढवलेल्या चकचकीत वार्निशची, ठिपक्यांची रांगोळी. समोरून बघितलं तर जेमतेम दिसते, बॉक्स तिरपा केला की एकदम चमकते आणि बोटाला ठिपके लागतात. मला ती फार आवडलेली, अजूनही आवडते.

सकाळी साडेनऊला प्रेसमधून फोन, ताई जरा येऊन जाता का. नारायण पेठेत पोचले तर आदल्या दिवशी पेस्टिंग करून बांधलेले गठ्ठे सोडून ठेवलेले, आणि बॉक्स उभा केला की बाजूचा जोड आपोआप सुटत होता, एखाददुसरा नाही, दहातले सात-आठ. मला वाटलं गम पातळ झाला असणार, तसं मी बोलूनही गेले, बोलायला नको होतं.

पेस्टिंग करणाऱ्या मावशींनी काही न बोलता त्यातल्या त्यात धरलेला एक जोड माझ्यासमोर ओढला. नीट चिकटलेला जोड ओढला तर बोर्डाचे तंतू उपटून येतात, कागद फाटतो पण जोड सुटत नाही. इथे पट्टी, म्हणजे बाजूच्या जोडात गम लावून आत चिकटवायची दुमड, कोरी निघाली आणि गम सगळा समोरच्या बाजूला, वाळलेल्या फेविकॉलच्या सालीसारखा. मावशी म्हणाल्या, "पट्टी उजेडात धरा ताई." धरली. पट्टीवर माझी रांगोळी चमकत होती.

गम लॅमिनेशनवर चालणाराच होता, तो फिल्मला धरतो पण सुकलेलं यूव्ही काचेसारखं गुळगुळीत, त्याला पकड मिळत नाही, आणि ठिपके इतके दाट की मधली फिल्म थोडीच उरलेली. पट्टी मोकळी सोडायची हे मला माहीत होतं, मरून रंग मी तिथून काढलाही होता, पण यूव्हीची लेयर बंद ठेवून फाइल तपासली आणि ती तशीच गेली. चूक माझी होती, प्रेसवाल्या दादांना तिथेच सांगितलं, काकूंना फोन करूनही सांगितलं.

परत छापायचं तर छपाई, लॅमिनेशन, फॉइल, यूव्ही, पंचिंग (बॉक्सचा आकार कापणं) सगळं पहिल्यापासून, तेवढे दिवसच नव्हते. मार्ग मावशींनी काढला. सगळे जोड उघडायचे, सुटलेला गम सोलायचा, मग पंचवीसेक बॉक्स जिन्याच्या पायऱ्यांसारखे सरकवून मांडायचे, म्हणजे फक्त पट्ट्या दिसतात, आणि त्यावरून पॉलिश पेपर फिरवायचा, चमक जाईपर्यंतच, जास्त घासलं तर घडी उलते. मग ब्रशने गम लावून वर वजन. हाताने अशी पायरी लावायला मला तासभर लागला जमायला, मावशींच्या हातात ती पत्त्यांसारखी पसरत होती. आम्ही सहाजण होतो, रात्री तीनला शेवटचा गठ्ठा वजनाखाली गेला.

सकाळी काकूंचा टेम्पो यायच्या आधी मावशींनी मधल्याच एका गठ्ठ्यातला बॉक्स काढून माझ्या हातात दिला. ओढला. जोड सुटला नाही, बोर्डाचे पांढरे तंतू बाहेर आले.